पाव इंच

फ्रेम म्हणजे चारी बाजूंनी पाव पाव इंच चोरायचा परवाना.
लाकडाच्या खाचेत तेवढा फोटो जातोच.
लग्नातल्या टोकाच्या काकांचं कोपर,
निरोप समारंभात कडेला उभा शिपाई,
गणपतीच्या उंदराची शेपटी.
तेहतीस वर्षं सांगलीत
मी हे सगळं गिळत आलोय,
एकानंही तक्रार केलेली नाही.

मंगळवारी दुपारी बिरुदेव वाघमोडे आला,
मार्केट यार्डातला हमाल,
बोटं हळदीनं कायमची पिवळी.
लांबलचक नळी त्यानं काउंटरवर उलगडली
आणि चिखल सांडला.

नऊ जणी, का दहा? मोजता येईनात.
मानेत मान, काखेत डोकं,
कुणाचा हात कुणाचा, पत्ता नाही,
आणि मध्ये कुठंतरी चेंडू,
सोलायचा राहिलेल्या नारळासारखा.

"कबड्डी?"
"न्हाई वं. रग्बी. भुवनेश्वरला.
आमची पोरगी हाय ह्यात."

मी चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला.
माझ्या दुकानात येणारी माणसं
फोटोत ताठ बसलेली असतात,
निम्मी तर हार घालून घ्यायलाच आलेली.
इथं एकीचंही तोंड आपल्याकडं नाही.

त्यानं बोट नेलं डाव्या कडेला,
अगदी कागद संपतो तिथं.
एक टाच.
मोजा घसरलेला, घोट्याला काळा दोरा.
"ही माया. दोरा तिच्या आईनं बांधलाय."

म्हटलं, चेहरा असलेला दुसरा नाही का?
कप घेतलेला, पदक दातात धरलेला?
"कप कुठला. हरल्या. बावीस पाच."
मग जरा थांबून, पोत्याचा अंदाज घ्यावा तसा
फोटो न्याहाळत म्हणाला,
"पावसात मेंढरं अशीच डोकी घालून हुबी ऱ्हात्यात.
वरच्या समद्या दिसत्यात बघा.
भार खालचीवर हाय."

मी पट्टी लावली.
टाच कडेपासून दोन सूत.
खाच खाणार पाव इंच.
म्हणजे दोरा जाणार, टाच जाणार,
उरणार नुसता ढीग, नऊ जणींचा, का आठ.

शेजारचा फारूक टेलर दारात चहा पीत होता.
"माया सोडायची ना," तो म्हणाला,
"आम्ही शिवणीत सोडतो तशी."
आपण काय बोललो हे त्याला ठाऊक नव्हतं.
बिरुदेवनं मात्र वळून बघितलं.

तर माया सोडली.
प्रिंट पाटीवर चिकटवला,
भोवती दीड इंच कोरी पांढरी जागा,
लाकूड पार लांब.
फ्रेम वाढली, काच वाढली, एकशे ऐंशी रुपये वाढले.
तो वाढीव पैशाला फक्त मान हलवत राहिला.

काच बसवताना एक डाग दिसला. पुसला.
परत पुसला, तोंडाची वाफ देऊन.
डाग आतला होता, मैदानातला.
एकोणीसच्या पुरानंतर दोन महिने
मी लोकांच्या फोटोंवरून चिखलच काढत होतो,
कापसानं, एकेका भुवईवरून;
भिंतीवर पाण्याची रेघ अजून माझ्या छातीइतकी आहे.
हाताला सवय लागलेली.
ह्या चिखलाला हात लावायचा नाही
हे हाताला सांगायला वेळ लागला.

मागून कागद डकवला, बारीक खिळे मारले, कडी लावली.
उजेडात धरलं तेव्हा दिसलं:
पांढऱ्या जागेत, काचेच्या आत,
टाचेच्या जरा खाली, अंगठ्याएवढं पिवळं.
हळद.

"उघडतो परत," मी म्हणालो, "दहा मिनिटं लागतील."
त्यानं वाकून बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं.
"ऱ्हाऊ द्या."

दारातून निघताना सवयीनं
फ्रेम त्यानं खांद्यावर घेतली,
दोन पावलांवर थांबला, खाली उतरवली,
आणि काच पोटाशी धरून
स्टँडच्या बाजूला तिरपा तिरपा चालत गेला,
गर्दीला कोपरानं बाजूला सारत.